समाधीच्या दगडावर कोरलेली जात : एका जपानविषयक संशोधन पत्रिकेची ओळख

जपानचे नाव निघाले की आपल्या विहारांतल्या चर्चेत काही ठरावीक गोष्टी येतात. कामाकुराची उघड्या आकाशाखालची अमिताभ बुद्धमूर्ती, कामठीचे ड्रॅगन पॅलेस, आणि जपानमधून येऊन नागपूरचेच होऊन गेलेले भदंत सुरई ससाई. त्यापाठोपाठ एक वाक्य हमखास येते. जपान बौद्ध देश आहे, म्हणून तिथे जातिभेद नाही, म्हणूनच तो पुढे गेला. हे वाक्य मी भाषणांत अनेकदा ऐकले आहे आणि त्यावर टाळ्याही वाजवल्या आहेत.

ते खरे नाही. जपानमध्ये बुराकुमिन नावाचा समाज आहे. जनावरांची कातडी सोलणे, चामडे कमावणे, मेलेली गुरे उचलणे, गुन्हेगारांच्या शिक्षेची अंमलबजावणी करणे अशी कामे ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांचे हे वंशज. जुन्या राजवटीत त्यांना ‘एता’ म्हणजे विटाळाने भरलेले आणि ‘हिनिन’ म्हणजे माणूस नसलेले असे म्हणत. आणि हा विटाळ माणसाच्या मरणानंतरही संपू नये याची सोय बौद्ध मंदिरांनी केली होती. मृतांना दिल्या जाणाऱ्या धार्मिक नावांत ‘जनावर’, ‘नीच’, ‘चामडे’ अशा अर्थांची अक्षरे घालून ती दगडावर कोरली जात. अशा अक्षरांत एक शब्द होता ‘सेन्दारा’. तो आपल्याकडूनच गेलेला. संस्कृतमधला ‘चांडाल’ चिनी भाषांतरांतून प्रवास करत जपानच्या स्मशानापर्यंत पोहोचला.

ही माहिती कुणा बौद्धद्वेष्ट्याच्या पुस्तकातली नाही. ती जपानमधून निघणाऱ्या एका संशोधन पत्रिकेत, तळटिपांसह, छापून आली आहे. ‘जापनीज जर्नल ऑफ रिलिजियस स्टडीज’ हे तिचे नाव. आपल्या तरुण कार्यकर्त्यांना तिची ओळख असायला हवी असे मला वाटते, म्हणून हा लेख.

पत्रिका कुठली, कुणाची

जपानच्या धार्मिक जीवनाचा अभ्यास करणारी ही इंग्रजी पत्रिका आहे. तिचे मूळ १९६० मध्ये तोक्योत सुरू झालेल्या ‘कंटेम्पररी रिलिजन्स इन जपान’ या नियतकालिकात आहे. १९७४ मध्ये तिने आजचे नाव घेतले आणि १९८१ पासून ती नागोया शहरातील नानझान विद्यापीठाच्या धर्म व संस्कृती संशोधन संस्थेकडून निघते. वर्षातून दोन अंक. झेन, शिंगोन, तेंदाई, जोदो शिन्शू, निचिरेन हे बौद्ध पंथ, शिंतो, नवे धर्मपंथ, स्मशानविधी, तीर्थयात्रा, मंदिरांची अर्थव्यवस्था, सगळे विषय तिच्यात येतात. कधी एखाद्या विषयाला वाहिलेला विशेष अंकही असतो.

नानझान हे कॅथलिक मिशनरी संघाने स्थापन केलेले विद्यापीठ आहे. म्हणजे बौद्ध मंदिरांच्या इतिहासाची ही चिरफाड एका ख्रिस्ती संस्थेच्या पत्रिकेत होते. काही जणांच्या भुवया इथे उंचावतील. पण तिचे लेख धर्मप्रचाराचे नसतात, आणि त्यात लिहिणारे बरेच अभ्यासक स्वतः जपानी बौद्ध पंथांतले, काही तर दीक्षित भिक्खू आहेत. सर्वांत कडक टीका त्यांचीच आहे.

‘संशोधन पत्रिका’ म्हणजे नेमके काय, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे स्मरणिका, मासिक आणि संशोधन पत्रिका यांची सरमिसळ होते. अशा पत्रिकेत लेख आला की संपादक तो थेट छापत नाहीत. त्या विषयातल्या जाणकारांकडे तपासायला देतात. ते विचारतात, हे कशावरून? मूळ कागद पाहिला का? दुसऱ्याने उलट लिहिले आहे, त्याचे काय? लेखकाला उत्तरे द्यावी लागतात, दुरुस्त्या कराव्या लागतात, आणि कित्येक लेख परत जातात. त्यामुळे छापले गेलेले सगळे खरेच असते असे नाही. पण प्रत्येक विधान कुठून आले ते वाचकाला शोधता येते आणि चूक असेल तर पुढच्या अंकात कुणीतरी ती दाखवू शकतो.

ही वाट आपल्याला परकी नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील चर्चासत्रात तरुण भीमरावांनी भारतातील जातींविषयी निबंध वाचला, आणि मे १९१७ मध्ये तो छापून आला तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधन पत्रिकेतच. ‘मूकनायक’ निघण्याच्या तीन वर्षे आधी.

मंदिराच्या वहीत जात कशी शिरली

जपानमधल्या भेदभावाचा धर्माशी संबंध समजायचा तर तोकुगावा राजवटीच्या एका हुकमापासून सुरुवात करावी लागते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुनांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. मग प्रश्न आला, कोण ख्रिस्ती आहे आणि कोण नाही हे ओळखायचे कसे? त्यांनी ते काम बौद्ध मंदिरांवर सोपवले. प्रत्येक कुटुंबाने एखाद्या मंदिरात नाव नोंदवायचे आणि हा इसम ख्रिस्ती नाही असा दाखला तिथल्या पुरोहिताने द्यायचा. दाखल्याशिवाय लग्न नाही, स्थलांतर नाही. (ज्या बंदीमुळे मंदिरांच्या हाती ही सत्ता आली, तिचा अभ्यास आज ख्रिस्ती विद्यापीठाच्या पत्रिकेत होतो. इतिहासालाही विनोद कळतो.)

यातून मंदिर म्हणजे तलाठी कार्यालय झाले. जन्म, लग्न, मृत्यू सगळे तिथल्या वह्यांत. आणि सरकारी नोंद ठेवणारी व्यवस्था समाजाची उतरंडही नोंदवते. एता वस्त्यांसाठी कित्येक ठिकाणी वेगळी मंदिरे होती, त्यांच्या वरची मंदिरेही वेगळी. जिथे मंदिर एकच होते तिथे वही वेगळी, किंवा त्याच वहीत शेवटी, रेघ मारून.

मृत्यूनंतर पुरोहित मृताला एक नवे नाव देतो. त्याला ‘कैम्यो’ म्हणतात, शब्दशः शीलनाम. कल्पना अशी की माणूस मरणोत्तर प्रव्रज्या घेतो, शील ग्रहण करतो आणि बुद्धाचा शिष्य होतो. जपानमध्ये या नावाला फार मान आहे. ते समाधीच्या दगडावर कोरतात, घरातल्या देव्हाऱ्यातल्या पाटीवर लिहितात, श्राद्धाच्या दिवशी त्याच नावाने स्मरण करतात. एताच्या घरी माणूस मेला की त्यालाही असे नाव मिळे, फक्त त्यात अपमानाची अक्षरे असत. घरच्यांना चिनी अक्षरे वाचता येत नसत. ज्या दगडापुढे ते फुले वाहत, हात जोडत, त्यावर आपल्या बापाला जनावर म्हटले आहे हे त्यांना ठाऊक नसे. पुरोहिताला ठाऊक असे.

या नावांना आज ‘साबेत्सु कैम्यो’, म्हणजे भेदभावाची शीलनामे, म्हणतात. ती एका पंथापुरती नव्हती. ध्यानासाठी जगभर गाजलेल्या झेनच्या सोतो पंथातही ती होती. त्या पंथात गुरूकडून शिष्याला गुप्तपणे दिल्या जाणाऱ्या छोट्या कागदी चिठ्ठ्या असत, त्यांना ‘किरिगामी’ म्हणतात. इशिकावा रिकिझान या सोतो अभ्यासकाने या चिठ्ठ्या आयुष्यभर जमवून तपासल्या. त्यांत बहिष्कृतांचा अंत्यविधी कसा वेगळा करायचा याच्या सूचनाही निघाल्या.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढून एता आणि हिनिन हे दर्जे रद्द केले. कागदावर सगळे सामान्य नागरिक झाले. प्रत्यक्षात त्यांना ‘नवे सामान्यजन’ असे टोपणनाव मिळाले आणि काही भागांत शेतकऱ्यांनी या फर्मानाविरुद्ध दंगली करून त्यांच्या वस्त्या जाळल्या. पुढच्याच वर्षीच्या कुटुंब नोंदवहीत कित्येकांच्या नावापुढे जुना दर्जा लिहिला गेला. ती नोंदवही लोकांना पाहण्यास बंद झाली १९६८ मध्ये. तोवर, आणि त्यानंतर मंदिरांच्या मृत्यूवह्यांतून, मुलीला आलेले स्थळ ‘तसल्या’ वस्तीचे तर नाही ना हे गुपचूप पाहिले जात होते. १९७५ मध्ये तर बुराकु वस्त्यांच्या पत्त्यांची पुस्तके मोठमोठ्या कंपन्यांना विकली जात असल्याचे उघड झाले. नोकरीला आलेल्या मुलाचा पत्ता त्यात आहे का ते बघायचे, इतकाच त्यांचा उपयोग.

या समाजाने मान खाली घालून सगळे सोसले असे नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोत ‘सुइहेइशा’ या संघटनेची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मान्किची हा बुराकु वस्तीतल्या जोदो शिन्शू मंदिराचा मुलगा. या पंथाचे अनुयायी बुराकु लोकांत सर्वाधिक होते, आणि पंथाचे संस्थापक शिनरान यांनी शिकारी नि खाटीक यांना आपल्यातलेच मानले होते. म्हणून सुइहेइशाने सुरुवातीलाच पूर्व आणि पश्चिम होन्गान-जी या दोन्ही मुख्य मंदिरांना बजावले, पुढची वीस वर्षे आमच्या वस्त्यांतून देणग्या मागू नका. महाडच्या चवदार तळ्याच्या पाच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. दोन्हीकडची भाषा वेगळी, स्वर ओळखीचा.

प्रिन्स्टनमधले खोटे

आता पत्रिकेतल्या एका लेखाकडे येतो. १९९६ च्या अंकात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम बॉडिफर्ड यांचा २७ पानांचा लेख आहे, ‘झेन अँड द आर्ट ऑफ रिलिजियस प्रेज्युडिस’. धार्मिक पूर्वग्रहाची कला, असे नावच बोचरे. सोतो पंथाने आपल्या भेदभावाच्या परंपरेशी कसे तोंड दिले, त्याची ती हकीकत आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन येथे धर्म आणि शांतता या विषयावर जागतिक परिषद भरली. जपानच्या बौद्ध महासंघाचे अध्यक्ष आणि सोतो पंथाचे वरिष्ठ पदाधिकारी माचिदा मुनेओ तिथे होते. परिषदेच्या अहवालात बुराकु समाजाचा उल्लेख येतो आहे असे दिसताच ते उठले. जपानमध्ये आता असा कुठलाही भेदभाव उरलेला नाही, ही जुनी गोष्ट आहे, मुक्तीच्या नावाने काही मंडळी गोंधळ घालतात इतकेच, आणि देशाच्या प्रतिष्ठेसाठी हा उल्लेख काढावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उल्लेख काढला गेला.

आपल्याला हे ऐकताना काही आठवते का? परदेशातल्या व्यासपीठावर जातीचा विषय निघाला की ‘तो आमचा अंतर्गत प्रश्न’ किंवा ‘ते आता राहिलेले नाही’ असे सांगणारे आपणही पाहिले आहेत.

पण पुढे जे झाले ते मात्र आपल्या ओळखीचे नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. बुराकु मुक्ती संघाने माचिदा आणि सोतो पंथ यांना जाहीर जाब विचारायला सुरुवात केली. ‘क्युदान’ ही त्यांची जुनी पद्धत. समोर बसवायचे, पुरावे ठेवायचे, उत्तर मागायचे, समाधान होईपर्यंत पुन्हा बोलवायचे. या बैठकांत दगडांवरची नावे पुढे आली. पंथाला ती नाकारता येईनात. १९८१ मध्ये बुराकु प्रश्नावर काम करण्यासाठी अनेक धर्मसंस्था एकत्र येऊन त्यांची संघटना झाली. १९८२ मध्ये सोतो पंथाने मानवी हक्कांसाठी स्वतंत्र विभाग काढला. देशभरातल्या आपल्या मंदिरांच्या मृत्यूवह्या आणि समाध्या तपासायला घेतल्या, अपमानाची नावे बदलायला लावली, मृत्यूवह्या बाहेरच्यांना दाखवण्यास मनाई केली. १९८४ मध्ये हीच जागतिक परिषद नैरोबीला भरली तेव्हा माचिदांनी तिथे उभे राहून आपले विधान मागे घेतले आणि माफी मागितली.

बॉडिफर्ड या सुधारणेचे कौतुक करून थांबत नाहीत. त्यांना कळीचा वाटतो तो प्रश्न असा : नावे बदलली, पण ती नावे देताना पुरोहितांच्या मनात जे तत्त्वज्ञान होते त्याचे काय? आणि तिथे येते कर्म. या जन्मी तू चामडे कमावतोस, तू आंधळा आहेस, तुझे अंग झडते आहे, ते मागच्या जन्माच्या पापामुळे, असे पुरोहित शतकानुशतके प्रवचनांत सांगत आले होते. सोतो पंथात नित्य म्हटल्या जाणाऱ्या ‘शुशोगी’ या १८९० च्या छोट्या संकलनातली कर्माची मांडणीही त्यामुळे वादात आली.

इथे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्या प्रत्येकाला ओळखीचे दार उघडताना दिसेल. बाबासाहेबांनी प्रस्तावनेत जे चार प्रश्न मांडले त्यांतला एक हाच आहे. बुद्धाने आत्मा नाकारला, मग आत्म्याशिवाय कर्म आणि पुनर्जन्म कसे? पुढे त्यांनी स्पष्टच लिहिले की गतजन्मीच्या कर्मावर या जन्मीचे हाल ढकलण्याचा हेतू एकच संभवतो, गरीब आणि नीच ठरवलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकणे. १९५६ नंतर या ग्रंथावर कित्येक बौद्ध देशांतून टीका झाली, की बाबासाहेबांनी मूळ बौद्ध मताशी छेडछाड केली. सोतो पंथाला दगडांवरची नावे दिसल्यावर त्याच प्रश्नापाशी यावे लागले, तेही तीन दशकांनी. बाबासाहेबांना भूतकाळ माहीत होता म्हणून ते तिथे आधी पोहोचले.

‘सगळे मुळातच बुद्ध’ या विचारावर घाव

या घडामोडीतून तत्त्वज्ञानाचा एक मोठा वाद जपानमध्ये पेटला. सोतो पंथाच्याच कोमाझावा विद्यापीठातले दोन प्राध्यापक, हाकामाया नोरिआकी आणि मात्सुमोतो शिरो, यांनी तो सुरू केला. या विचारप्रवाहाला ‘चिकित्सक बौद्धमत’ म्हणतात.

जपानी बौद्ध परंपरेत ‘होन्गाकु’ नावाची एक कल्पना खोलवर रुजलेली आहे. होन्गाकु म्हणजे मूळ बोधी. प्रत्येक जीव, इतकेच काय झाडे-दगडसुद्धा, मुळातच बुद्ध आहेत, अशी ती कल्पना. ऐकायला किती समतेची! हाकामाया यांनी १९८५ मध्ये प्रश्न केला, सगळे आहे तसेच जर बुद्ध असेल, तर बदलायचे काय? मालक मालकाच्या जागी बुद्ध, चर्मकार चर्मकाराच्या जागी बुद्ध. वरून समता, खाली उतरंड जशीच्या तशी. माचिदा जगासमोर ‘भेदभाव नाही’ असे इतक्या सहज म्हणू शकले, त्यामागे हीच सवय आहे असे त्यांचे म्हणणे.

मात्सुमोतो आणखी पुढे गेले. सर्वांच्या तळाशी एकच अविनाशी तत्त्व आहे आणि त्यातून हे सगळे निघाले, अशा विचाराला त्यांनी ‘धातुवाद’ हे नाव दिले. बुद्धाने ज्या आत्मवादाला नकार दिला तोच वेष बदलून परत आला आहे, असे ते म्हणतात. त्यांच्या मते बौद्ध असण्याची कसोटी अनात्म आणि प्रतीत्यसमुत्पाद ही आहे. ती न उतरणाऱ्या मताला, त्याच्यावर कितीही बुद्धमूर्ती कोरल्या तरी, बौद्ध म्हणू नये. यावरचे दोन्ही बाजूंचे लेख १९९७ मध्ये ‘प्रूनिंग द बोधी ट्री’ या इंग्रजी ग्रंथात एकत्र आले. बोधिवृक्षाची छाटणी, असा नावाचा अर्थ. त्याचे एक संपादक पॉल स्वॉनसन हे या पत्रिकेचेही दीर्घकाळ संपादक होते.

आपल्यापैकी बहुतेकांना हाकामाया आणि मात्सुमोतो लगेच आवडतील. मलाही आवडले. पण पत्रिकेचा खरा फायदा इथे दिसतो, कारण ती एकाच बाजूचे ऐकू देत नाही. जॅकलिन स्टोन यांचा १९९५ चा लेख वाचला की या मांडणीतल्या अडचणी कळतात. मध्ययुगीन तेंदाई पंथातला होन्गाकु विचार हा नुसता ‘आहे ते चालू द्या’ एवढा सोपा नव्हता आणि त्याचा नंतरच्या पंथांशी असलेला संबंधही गुंतागुंतीचा आहे, हे त्या मूळ साधनांतून दाखवतात. एखादे तत्त्व थेट अन्याय जन्माला घालते, की अन्याय करणारे हाताशी येईल ते तत्त्व वापरतात? हा प्रश्न आपल्यालाही सोडवायचा आहे. माझा स्वतःचा कल हाकामायांकडे आहे, पण स्टोन वाचल्यापासून मी तो पूर्वीच्या ठामपणाने सांगत नाही.

दोन झेन भिक्खू

किरिगामी जमवणाऱ्या इशिकावा यांचाच आणखी एक लेख १९९८ च्या अंकात आहे. त्यात त्यांनी सोतो पंथाचे दोन समकालीन भिक्खू समोरासमोर ठेवले आहेत.

एक उचियामा गुदो. हाकोनेच्या डोंगरातल्या रिन्सेन-जी या गरीब मंदिराचे पुरोहित. गावातल्या कुळांची दैना पाहून ते समाजवादाकडे आणि पुढे अराजकवादाकडे वळले. मंदिरातच गुपचूप छापखाना मांडून त्यांनी जमीनदारी आणि सम्राटशाही यांच्याविरुद्ध पुस्तिका छापली. सम्राटाविरुद्धच्या कटाच्या खटल्यात त्यांना गोवले गेले आणि २४ जानेवारी १९११ रोजी फाशी झाली. सोतो पंथाने त्यांची चीवरे काढून घेण्यात उशीर केला नाही, फाशीच्या आधीच त्यांना काढून टाकले.

दुसरे ताकेदा हान्शी. ते कोरियात गेले, जपानी सत्तेच्या विस्तारासाठी झटले आणि कोरियातला बौद्ध संघ सोतो पंथाला जोडण्याच्या खटपटीत होते. त्यांना मान मिळाला.

पंथाने उचियामांना पुन्हा आपले मानले ते १९९३ मध्ये, ८२ वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी वसाहतींतल्या आपल्या प्रचाराबद्दल पंथाने जाहीर माफीही मागितली होती. याच खटल्यात जोदो शिन्शूचे ताकागी केन्म्यो हे आणखी एक पुरोहित होते. त्यांच्या शिंगू येथील मंदिराचे बरेचसे उपासक बुराकु वस्तीतले, आणि ते त्यांची बाजू घेत. त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली, १९१४ मध्ये तुरुंगातच त्यांनी जीव दिला. त्यांच्या पंथाला त्यांना परत आपले म्हणायला १९९६ उजाडले.

जिथे पत्रिका कमी पडते

कौतुक पुरे. हिच्यात लिहिणारे बहुतेक विद्यापीठांतले प्राध्यापक आहेत. बुराकु वस्तीत वाढलेल्या बाईने स्वतःच्या आजीच्या समाधीबद्दल लिहिले आहे, असा लेख शोधायला गेलात तर निराशा होईल. भाषा इंग्रजी आणि तीही जड. स्त्रियांच्या बाबतीत स्थिती बरी आहे. कावाहाशी नोरिको या सोतो मंदिरातल्याच अभ्यासक बाईंनी १९९५ मध्ये पुरोहितांच्या बायकांच्या विचित्र स्थितीवर लिहिले. भिक्खूने लग्न करायचे नाही हा आदर्श कायम, प्रत्यक्षात मंदिर चालवणारी त्याची बायको, आणि पंथाच्या नियमांत तिला नीट जागाच नाही. २००३ मध्ये स्त्रीवाद आणि धर्म यावर विशेष अंकही निघाला.

तुलनेबाबतही एक सांगतो. बुराकुमिन म्हणजे जपानचे दलित, असे आपण सहज म्हणून जातो. साम्य आहेच, आणि १९८८ पासून बुराकु मुक्ती संघाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय भेदभावविरोधी चळवळीत त्यांचा आणि भारतातल्या दलित संघटनांचा संवाद चालू आहे. पण जपानमध्ये चातुर्वर्ण्य सांगणारे धर्मशास्त्र नव्हते, आणि समाजाचा आकारही फार वेगळा. १९९३ च्या सरकारी पाहणीत ४,४०० हून अधिक वस्त्या आणि सुमारे ९ लाख बुराकु लोक नोंदले गेले. बुराकु भेदभाव मिटवण्यासाठीचा कायदा तर २०१६ चा आहे. म्हणजे माचिदा ज्याला जुनी गोष्ट म्हणाले, ती ३७ वर्षांनंतरही संसदेला कायदा करण्याइतकी ताजी होती.

आपले विरोधक या माहितीचा वापर करतील, ‘बघा, तुमच्या बौद्ध धर्मातही जात होती’, अशी भीती काही कार्यकर्ते बोलून दाखवतात. करू द्या. सोतो पंथाने स्वतःच्या समाध्या तपासल्या, चुका लिहून काढल्या आणि जगाला वाचायला दिल्या. हे किती धर्मपीठांनी केले, एवढे त्यांना विचारता येईल. आणि मग तोच प्रश्न आपल्याकडेही वळेल. धर्मांतरानंतर पोटजात पाहून जमवलेली लग्ने, विहाराच्या समितीत एकाच पोटजातीची पदे, यांवर आपल्यापैकी कुणी गावोगावच्या नोंदी काढून, तपासून घेऊन, नाव छापून लिहिले आहे का?

वाचायचे कसे

पत्रिकेचे १९६० पासूनचे सगळे अंक नानझान संस्थेच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. नोंदणी नाही, पैसे नाहीत. लेख उतरवून घ्या.

सुरुवात बॉडिफर्ड यांच्या लेखाने करा. २७ पाने एकट्याने वाचायला जड जातील. चार-पाच जणांनी पाने वाटून घ्यावीत, ज्याचे इंग्रजी बरे त्याने तत्त्वज्ञानाचा भाग घ्यावा, आणि विहारातल्या रविवारच्या बैठकीत प्रत्येकाने आपला भाग मराठीत सांगावा. तळटिपा वगळू नका, मजा तिथेच आहे. त्यानंतर इशिकावा यांचा दोन भिक्खूंवरचा लेख, तो गोष्टीसारखा वाचता येतो. मग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मधला कर्मावरचा भाग पुन्हा उघडा आणि होन्गाकुचा वाद सर्वांत शेवटी घ्या.

शोधताना जपानी नावात आडनाव आधी येते हे लक्षात ठेवा, म्हणजे हाकामाया हे आडनाव आणि नोरिआकी हे नाव. तसेच दीर्घ स्वरांवर रेघ असलेली आणि नसलेली अशी दोन्ही स्पेलिंगे टाकून पाहा, नाहीतर अर्धे लेख सापडत नाहीत.